लांब घरवाटेवरील हिम आणि ते हटविणारे यंत्र

उत्तर अमेरिकेतील पाच महासरोवरांपैकी सर्वांत पूर्वेकडचे सरोवर ऑन्टारिओ. त्याच्या पूर्व किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर, न्यूयॉर्क राज्यात, टग हिल नावाचे एक पठार आहे. पठाराची उंची काही फार नाही. त्याचा सर्वांत उंच भागही समुद्रसपाटीपासून सुमारे ६४० मीटरच भरतो. परंतु अमेरिकेच्या पूर्व भागात जेथे हिमवर्षाव अतिशय विपुल होतो, अशा थोड्या प्रदेशांत या पठाराची गणना होते. हिवाळ्यात वायव्येकडून आणि पश्चिमेकडून येणारा अतिशीत वारा सरोवराच्या पृष्ठभागावरून वाहतो. सरोवर खोल असल्यामुळे ते सहसा पूर्णपणे गोठत नाही, आणि त्याचे पाणी वाऱ्याच्या मानाने पुष्कळ उबदार असते. त्या पाण्यापासून वारा उष्णता आणि बाष्प घेतो, पठाराचा चढ चढू लागतो, आणि चढता चढता थंड होऊन घेतलेले बाष्प हिमरूपाने टाकून देतो. अरबी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याला सह्याद्री जसा वर चढवून घाटमाथ्यावर रिता करतो, तसाच हा प्रकार होय. एका हिवाळ्यात ५ मीटर हिम पडले, तरी टग हिलच्या रहिवाशांना त्याचे नवल वाटत नाही.

येथे एका शब्दाचा खुलासा केला पाहिजे. मराठीत आकाशातून पडणाऱ्या भुसभुशीत कणांना आणि पाणी गोठून होणाऱ्या कठीण पदार्थाला बोलण्यात बर्फ असेच म्हणतात. हिमप्रदेशात मात्र या दोहोंतील भेदावर पुष्कळ काही अवलंबून असते. म्हणून या लेखात पहिल्यास हिम व दुसऱ्यास बर्फ म्हटले आहे.

टग हिलच्या परिसरातील शेतकऱ्यांची घरे सार्वजनिक रस्त्याला लागून नसतात. रस्त्यापासून शंभर, दोनशे, कधी चारशे मीटर आत, शेताच्या मध्यभागी घर, गोठा व कोठार अशी वास्तू असते. रस्त्यापासून घरापर्यंत जी खडीची वाट जाते तिला तेथे ड्राइव्हवे म्हणतात. येथे तिला घरवाट म्हटले आहे. सार्वजनिक रस्त्यावरील हिम स्थानिक शासनाची यंत्रे हटवितात, परंतु घरवाट मोकळी ठेवणे हे ज्याचे त्याने पाहावयाचे असते. आणि ती मोकळी ठेवावीच लागते. हा मुलूख दुग्धव्यवसायाचा आहे. दूध नेणारी टाकीगाडी गोठ्यापर्यंत पोहोचली नाही, तर गाई धार काढावयाच्या थांबत नाहीत. साठवणीची टाकी भरली की पुढचे दूध ओतून द्यावे लागते. घर उबदार ठेवण्याचे तेल किंवा वायूही गाडीनेच येतो. अग्निशामक बंबाची रुंदी सुमारे अडीच मीटर असते. वाट आक्रसून त्याहून अरुंद झाली, तर गोठ्याला आग लागली असता बंब रस्त्यावरच उभा राहील. रुग्णवाहिकेचेही तेच.

अशा वेळी घरमालक यंत्राच्या दुकानात जातो आणि बहुधा पहिला प्रश्न विचारतो तो अश्वशक्तीचा. हा प्रश्न चुकीचा नाही, पण त्याचे स्थान पहिले नव्हे. किती वजन हलवावयाचे आहे, आणि हलविलेले हिम हिवाळा संपेपर्यंत कोठे ठेवावयाचे आहे, हे दोन प्रश्न आधी सोडवावे लागतात.

वजनाचा हिशेब शाळकरी मुलासही करता येईल. घरवाट २०० मीटर लांब व ३ मीटर रुंद आहे आणि रात्रीतून तीवर २५ सेंटिमीटर हिम पडले आहे, असे धरू. हिमाचे घनफळ १५० घनमीटर झाले. ताजे, कोरडे हिम फार हलके असते. त्याच्या एका घनमीटराचे वजन ५० ते १०० किलोग्रॅम असते. तेच हवा थोडी उबदार असताना पडले तर २०० किलोग्रॅम भरते. वाऱ्याने दाबून बसविलेल्या हिमाचे वजन ३५० ते ४०० पर्यंत जाते, आणि पाण्याने भिजलेल्या हिमाचे त्याहूनही अधिक होते. घनमीटरास १०० किलोग्रॅम धरले, तर आपल्या वाटेवर १५ टन ओझे पडलेले आहे. २०० धरले तर ३० टन. फावड्याच्या एका खेपेस ५ किलोग्रॅम उचलले जाते असे मानल्यास, कोरड्या हिमाला तीन हजार खेपा व ओलसर हिमाला सहा हजार खेपा लागतील. थंडीने रक्तवाहिन्या आकुंचित झालेल्या असतात, त्यात हातांच्या श्रमाने रक्तदाब एकाएकी वाढतो. हिम उपसता उपसता हृदयविकाराचा झटका येऊन माणसे दगावल्याच्या घटना अमेरिकेत प्रत्येक हिवाळ्यात घडतात. लांब घरवाटेसाठी फावडे हे साधन नव्हे, ते या आकड्यांवरून उघड आहे.

हिमाची जाडी आणि त्याचे वजन यांतील नाते किती निसरडे असते, याचे एक मनोरंजक उदाहरण टग हिलवरच घडले. जानेवारी १९९७ मध्ये माँटेग्यू या गावी चोवीस तासांत ७७ इंच, म्हणजे सुमारे १९५ सेंटिमीटर, हिम पडल्याची नोंद झाली. हा उच्चांक ठरला असता. परंतु तज्ज्ञांच्या समितीने चौकशी करून तो अमान्य केला. मापन करणाऱ्याने लबाडी केली होती असे मुळीच नव्हे. दिवसातून अधिकांत अधिक चार वेळा मोजण्याचा नियम असताना त्याने सहा वेळा मोजले होते, एवढेच. ताजे हिम स्वतःच्याच भाराने खाली बसत असते. फळी वारंवार पुसून मोजले की हिमाला बसावयास अवधी मिळत नाही, आणि मापांची बेरीज फुगते. वजन मात्र दोन्ही रीतींनी तेच राहते, आणि यंत्राला हलवावे लागते ते वजनच.

हिम हटविण्याच्या रीती मुळात दोनच आहेत : लोटणे आणि फेकणे.

लोटण्यासाठी ट्रॅक्टरला किंवा मालमोटारीला पुढे अथवा मागे लोखंडी पाते जोडतात. पाते थोडे तिरपे धरले की हिम वाटेच्या कडेला सरकत जाते. या रीतीचे गुण सहज दिसतात. यंत्र साधे असते, बिघडण्यासारखे त्यात थोडेच असते, आणि दोनशे मीटरांची वाट सामान्य हिमवर्षावात पाच-दहा मिनिटांत मोकळी होते. येथे अश्वशक्तीचा प्रश्न जवळजवळ निरर्थक ठरतो. पात्यामागचा जोर शेवटी चाकांच्या पकडीतून येतो. दाबलेल्या हिमावर रबरी चाकाचा घर्षणांक सुमारे ०.२ असतो, गुळगुळीत बर्फावर तो ०.१ पर्यंत उतरतो. म्हणजे सर्व चाके फिरविणारा दीड टन वजनाचा ट्रॅक्टर हिमावर फार तर ३०० किलोग्रॅम भाराइतका रेटा देऊ शकतो, मग त्याचे इंजिन वीस अश्वशक्तीचे असो की चाळीस. शक्ती वाढविली तर चाके जागीच फिरतील. चाकांना साखळ्या बांधणे, मागे वजन लादणे, चारही चाके फिरणारा ट्रॅक्टर घेणे, हे उपाय खरे.

पात्याचा दोष पहिल्या दिवशी दिसत नाही. तो जानेवारीत दिसतो. वर घेतलेल्या उदाहरणात एका हिमवर्षावात वाटेच्या दर मीटर लांबीमागे पाऊण घनमीटर हिम पडते. ते दोन्ही कडांना सारखे वाटले, तर प्रत्येक कडेला दर मीटरमागे ०.३७५ घनमीटर येते. असे दहा हिमवर्षाव झाले, म्हणजे टग हिलच्या हिवाळ्याचा निम्मा भाग सरला, की ३.७५ घनमीटर होतात. लोटताना हिम दबून सुमारे एक-तृतीयांश होते असे धरले, तरी सव्वा घनमीटर उरते. ढिगाच्या बाजू पंचेचाळीस अंशांनी उतरत असतील तर त्याची उंची एक मीटरहून थोडी अधिक आणि तळाची रुंदी सव्वादोन मीटर होईल. वाटेच्या दोन्ही बाजूंस असे कंबरभर उंचीचे बांध उभे राहतात. ते रात्री गोठून कठीण होतात, आणि पुढच्या वेळी पात्याने लोटलेले हिम त्यांच्यावर चढत नाही. ते पुन्हा वाटेवरच घसरते. तीन मीटरांची वाट पावणेतीन होते, मग अडीच होते, आणि एके दिवशी टाकीगाडीचा चालक रस्त्यावरूनच परत फिरतो.

अनुभवी शेतकरी म्हणून डिसेंबरातच, बांध मऊ असताना, ते वाटेपासून तीन-चार मीटर दूर ढकलून ठेवतात. हिम थोडे असले तरी हे काम टाळू नये. नोव्हेंबर-डिसेंबरात न रेटलेला बांध जानेवारीत साध्या पात्याने हलत नाही.

बांधाचा दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. उघड्या माळावर वारा जमिनीलगतचे हिम उचलून वाहून नेत असतो. जेथे वाऱ्याचा वेग मंदावतो तेथे त्याने उचललेले हिम खाली बसते. दोन बांधांमधली खोलगट वाट ही नेमकी तशी जागा होय. आकाशातून एक कणही पडत नसताना अशी वाट रात्रीतून काठोकाठ भरते. ज्याने ती पात्याने खणली, त्यानेच वाऱ्यासाठी तो सापळा तयार केलेला असतो.

फेकण्याच्या रीतीचा उगम रेल्वेमार्गावर झाला. कॅनडातील टोराँटोचा दंतवैद्य जे. डब्ल्यू. एलियट याने १८६९ मध्ये फिरत्या चक्राने हिम फेकणाऱ्या यंत्राची कल्पना मांडली, आणि १८८० नंतरच्या दशकात तशी यंत्रे रुळांवर धावू लागली. रस्त्यांसाठी हे यंत्र सिद्ध केले ते क्वेबेकमधील आर्थर सिकार याने. सिकार हा दुग्धव्यवसाय करणाऱ्या कुटुंबातला होता. हिवाळ्यात रस्ते बंद पडले की दूध शहरात पोहोचत नाही, ही अडचण त्याच्या घरचीच होती. त्याने १९२५ मध्ये स्वतःच्या बळावर चालणारे हिमक्षेपक यंत्र तयार केले, आणि १९२७ मध्ये माँट्रिऑलजवळच्या उत्रमाँ या नगराने ते विकत घेतले. माणसाने मागे चालत धरावयाची लहान यंत्रे त्यानंतर पंचवीस-तीस वर्षांनी बाजारात रुळली. व्यवहारात त्यांना स्नो-ब्लोअर म्हणतात.

या यंत्रातील सामान्य रचना अशी असते. पुढच्या खोक्यात एक आडवे मळसूत्र सावकाश फिरते. ते हिम तोडते आणि दोन्ही बाजूंनी मध्यभागी आणते. तेथे मागे एक पंखा मिनिटाला सुमारे हजार फेऱ्यांच्या वेगाने फिरत असतो. तो ते हिम उचलून वरच्या वळत्या नळीतून दूर भिरकावतो. हे दुहेरी कार्याचे यंत्र झाले. लहान यंत्रांत पंखा नसतो; जमिनीला टेकून वेगाने फिरणारे रबरी कडेचे पातेच तोडणे व फेकणे ही दोन्ही कामे करते. फरसबंद अंगणाला आणि वीतभर हिमाला ते उत्तम. परंतु खडीच्या घरवाटेवर ते हिमाबरोबर खडेही फेकते, आणि तो खडा खिडकीची काच किंवा माणसाचा डोळा यांत भेद करीत नाही. खडीच्या वाटेसाठी दुहेरी यंत्रच घ्यावे व त्याच्या तळाच्या दोन्ही घसरत्या पट्ट्या अशा बसवाव्यात, की पुढची कड जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटर वर राहील. हिमाचा तेवढा पातळ थर मागे राहतो आणि गोठून खडीला बांधून ठेवतो. त्याबद्दल वाईट वाटून घेण्याचे कारण नाही.

फेकण्याला शक्ती किती लागते? दहा मीटर दूर फेकण्यासाठी हिमाला सेकंदाला सुमारे दहा मीटरचा वेग द्यावा लागतो. म्हणजे दर किलोग्रॅमला ५० जूल ऊर्जा. तीस टनांना पंधरा लाख जूल झाले. तासाभरात काम उरकावयाचे असेल तर हिशेबाने अर्ध्या अश्वशक्तीहून किंचित अधिक पुरे व्हावी. प्रत्यक्षात आठ, दहा, बारा अश्वशक्तीची यंत्रे लागतात. उरलेली शक्ती जाते कोठे? काही यंत्राची स्वतःची चाके फिरविण्यात जाते, काही नळीच्या आणि खोक्याच्या भिंतींवर हिम घासण्यात, आणि पुष्कळशी दाबून कठीण झालेले हिम फोडण्यात. म्हणून यंत्राचा कस लागतो तो वाटेच्या मध्यभागी नव्हे, तर तिच्या तोंडाशी. सार्वजनिक रस्ता साफ करणारे पाते जाता जाता प्रत्येक घरवाटेच्या तोंडावर एक आडवा ढीग टाकून जाते. त्यात घट्ट झालेले हिम, बर्फाची ढेपे आणि रस्त्यावर टाकलेले मीठ यांचे मिश्रण असते. उरलेल्या एकशे नव्वद मीटरांपेक्षा शेवटचे दहा मीटर अधिक घाम काढतात. यंत्र निवडताना त्या ढिगाची उंची आणि कठीणपणा डोळ्यांसमोर ठेवावा. मळसूत्राच्या आसात एक मऊ धातूची खीळ असते. ढेपेत किंवा दगडात मळसूत्र अडकले की ही खीळ तुटते आणि महाग दंतचक्रे वाचतात. तिच्या जागी साधा पोलादी बोल्ट ठोकणाऱ्या माणसाला पुढे दंतचक्रांची संपूर्ण पेटीच विकत घ्यावी लागते.

मागे चालत धरावयाचे यंत्र सत्तर सेंटिमीटर रुंदीचे असले, तर तीन मीटरांच्या वाटेला पाच फेऱ्या, म्हणजे एक किलोमीटर चाल होते. सावकाश चालीने त्याला तास-पाऊण तास लागतो, ओल्या हिमात अधिक. शून्याखाली वीस अंशांवर, वाऱ्याने उलट येणारा हिमाचा फवारा तोंडावर घेत, आठवड्यातून चार-पाच वेळा ही चाल करणे तरुणासही सुखाचे नाही. शंभर मीटरांपर्यंत हे यंत्र शोभते. विजेरीवर चालणारी यंत्रे अलीकडे पुष्कळ सुधारली आहेत, त्यांचा आवाज व धूर नाही; परंतु थंडीत विजेरीची धारणशक्ती घटते, आणि दोनशे मीटरांच्या भरल्या वाटेवर ती मध्येच संपण्याचा संभव असतो.

ज्याच्याकडे शेतीचा ट्रॅक्टर आहे त्याने त्याच्या पी.टी.ओ. दांड्यावर चालणारा हिमक्षेपक घ्यावा, हा बहुतेक ठिकाणी शहाणपणाचा मार्ग ठरतो. मागच्या दांड्याचा प्रमाणित वेग मिनिटाला ५४० फेऱ्यांचा असतो. नेहमीचा हिमक्षेपक मागे जोडलेला असल्यामुळे चालकाला ट्रॅक्टर उलटा चालवावा लागतो आणि दोनशे मीटर मान मागे वळवून बसावे लागते. यावर उपाय म्हणून ओढत नेण्याजोगे, तोंड पुढे केलेले हिमक्षेपक निघाले आहेत. त्यांत चालक सरळ बसतो, पण ट्रॅक्टरची चाके आधी हिम तुडवितात. पुढे जोडावयाचे यंत्र सर्वांत सोयीचे, आणि बहुधा सर्वांत महागही. कोणत्याही प्रकारात हिमक्षेपकाची रुंदी ट्रॅक्टरच्या चाकांबाहेर थोडी आली पाहिजे. नाही तर चाके न कापलेल्या हिमातून जातात.

हिमालयातही हाच विचार मोठ्या प्रमाणावर करावा लागतो. १९६० मध्ये स्थापन झालेली सीमा सडक संघटना जोजी ला खिंडीतील रस्ता उघडताना डोझर आणि हिम कापून फेकणारी यंत्रे अशी दोन्ही वापरते. एका अंगाला उतार असेल तेथे लोटलेले हिम दरीत जाते. दोन्ही अंगांना हिमाच्या भिंती असतील तेथे ते भिंतीपलीकडे फेकण्यावाचून गत्यंतर नसते.

निवड म्हणजे जागेकडे पाहणे होय. वाट झाडीतून जाते, वारा लागत नाही आणि कडेला हिम ढकलण्यास चार-चार मीटर मोकळी जागा आहे, तर पाते पुरते. त्यावर अधिक खर्च करू नये. वाट उघड्या माळातून जाते, किंवा दोन्ही बाजूंस कुंपण अथवा चर आहे, तर हिमक्षेपकाशिवाय फेब्रुवारी पार पडणे कठीण, कारण तोच मागे बांध ठेवीत नाही. दोन्ही घेण्याचे सामर्थ्य असल्यास रोजच्या थोड्या हिमाला पाते आणि बांध मागे हटविण्यास हिमक्षेपक, अशी वाटणी उत्तम चालते. वर्षातून पाच-सहा वेळाच हिम पडणाऱ्या मुलखात यंत्र न घेता शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याला मोबदला द्यावा हे बरे. टग हिलवर मात्र तो शेजारी स्वतःच्याच वाटेवर गुंतलेला असतो.

वाऱ्याच्या हिमावर इंधनाशिवाय चालणारा एक उपाय आहे : हिमकुंपण. वाऱ्याच्या दिशेला, वाटेपासून दूर, निम्मी फट असलेले फळ्यांचे कुंपण उभारतात. त्यातून जाताना वारा मंदावतो आणि हिम कुंपणामागे पसरून बसते. हा ढीग कुंपणाच्या उंचीच्या सुमारे पस्तीस पट लांब होऊ शकतो. म्हणून सव्वा मीटर उंचीचे कुंपण वाटेपासून निदान ४५ मीटर दूर हवे. हौसेने ते अगदी वाटेच्या कडेला उभारणारे लोक सगळे हिम आपल्याच दारी बोलावून घेतात. मिनेसोटा राज्यात महामार्गाच्या कडेच्या शेतात मक्याच्या काही ओळी न कापता उभ्या ठेवल्या, तर परिवहन खाते शेतकऱ्याला त्याचा मोबदला देते. ताटांच्या त्या ओळी कुंपणाचे काम करतात.

हिमक्षेपकाच्या नळीत ओले हिम चिकटून ती बुजते. अशा वेळी हात आत घालण्याचा मोह होतो, आणि बोटे तुटण्याचे बहुतेक अपघात याच क्षणी घडतात. इंजिन बंद केल्यावरही पट्ट्यात व आसात ताण अडकलेला असतो. अडथळा निघताच पंखा अर्धा फेरा फिरतो, आणि तेवढा पुरतो. इंजिन बंद करून, फिरते भाग थांबल्याची खात्री करून, लाकडी दांड्यानेच नळी मोकळी करावी. यंत्राबरोबर असा दांडा दिलेला असतो. बंद कोठारात इंजिन चालू ठेवू नये, कारण त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

वाटेची तयारी यंत्र येण्यापूर्वीच करावी लागते. पाऊण मीटर हिमाखाली कडा कोठे संपते, चर कोठे सुरू होतो, मोरीचा दगड कोठे आहे, हे चालकाला दिसत नाही. यासाठी टग हिलचे शेतकरी नोव्हेंबरात, जमीन गोठण्यापूर्वी, वाटेच्या दोन्ही कडांना पुरुषभर उंचीच्या काठ्या ठोकतात आणि त्यांच्या टोकांना नारिंगी रंग देतात. जमीन एकदा गोठली की काठी आत शिरत नाही.